संगणकाचें जागें होणें व डिस्कची प्रतिमा

कोणत्याहि यंत्राचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा त्या यंत्राच्या पराक्रमाचा इतिहास लिहितात. तें यंत्र दररोज सुरू कसें होतें, या प्रश्नाकडे त्यांचें फारसें लक्ष जात नाहीं. आगगाडीच्या वेगाच्या कथा आपण आवडीनें वाचतों. पण तिच्या एंजिनांत पहाटे विस्तव कोणी पेटविला हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. संगणकाच्या बाबतींत ही उपेक्षा विशेषच झालेली आहे. आज मध्यम स्थितींतील पुष्कळ कुटुंबांच्या घरीं संगणक असतो. बटन दाबलें कीं थोड्याच वेळांत पडदा उजळतो, आणि या दोहोंच्या मधल्या अवकाशांत काय घडतें याची कल्पना चांगल्या सुशिक्षितांसहि नसते. तो अवकाश बिघडला म्हणजे मात्र घरांत एकच धांदल उडते. मग कोणी जाणता मनुष्य खिशांतून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढून यंत्रास लावतो, आणि यंत्र पुन्हां जागें होतें. त्या पेनड्राइव्हवर जें असतें त्यास 'बूट होणारी इमेज' किंवा व्यवहारांत नुसती 'आयएसओ फाइल' म्हणतात. ही वस्तु कशी जन्मास आली, तिचा उपयोग कसा वाढला, व तिच्यामागें सामान्य मनुष्याच्या हिताचा कोणता प्रश्न दडलेला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणी म्हणेल कीं, हा विषय दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा. वाङ्मयाच्या मासिकांत त्याचें काय प्रयोजन? या आक्षेपास आमचें उत्तर असें कीं, हा विषय मुळांत लेखनाचा व नकलेचा आहे. मूळ प्रत कोणती, नक्कल कितपत खरी, मध्येंच कोणी पाठ बदलला कीं काय, हे प्रश्न पोथ्यांच्या अभ्यासकांस नवे नाहींत. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच प्रश्नांमुळें. संगणकाच्या पोथीसहि तेच प्रश्न लागू पडतात. भेद इतकाच कीं, येथें आरंभींचा पाठ बिघडला तर केवळ अर्थाचा अनर्थ होऊन भागत नाहीं, यंत्र मुळीं उठतच नाहीं.

प्रथम मूळची अडचण पाहूं. संगणक स्वतः कांहींच जाणत नाहीं. त्यास जी आज्ञा द्यावी ती तो पाळतो. आज्ञांची ही मालिका, म्हणजे प्रोग्रॅम, त्याच्या स्मृतींत असावी लागते. आणि आजच्या यंत्रांतील ही स्मृति वीज गेली कीं कोरी होते. तेव्हां यंत्र सुरू केल्यावर डिस्कवर ठेविलेला प्रोग्रॅम उचलून स्मृतींत आणावयाचा. पण उचलण्याचें हें कामहि एखाद्या प्रोग्रॅमनेंच करावयाचें असतें! मग तो पहिला प्रोग्रॅम कोणी आणावयाचा? इंग्रज लोक बुटाच्या मागील बाजूस जी ओढण्याची पट्टी असते तिला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात, आणि आपल्याच बुटाची पट्टी धरून स्वतःस वर उचलूं पाहणाऱ्याची ते थट्टा करितात. आमच्या न्यायशास्त्रांतहि आपल्याच खांद्यावर आपण चढणें हें अशक्यतेचें उदाहरण म्हणून देत आले आहेत. संगणक दररोज करितो तें हेंच अशक्य कर्म होय, आणि म्हणूनच त्या कर्मास 'बूट होणें' हें नांव पडलें.

या कोड्याचें पहिलें उत्तर मनुष्याच्या हातांत होतें. १९५२ सालीं आय. बी. एम. कंपनीनें जाहीर केलेल्या '७०१' नामक यंत्रास 'लोड' असें एक बटन होतें. तें दाबिलें कीं, भोंकें पाडलेलें कार्ड, चुंबकीय फीत किंवा ड्रम यांपैकीं एकावरून ३६ बिटांचा एक शब्द स्मृतींत येई. त्या शब्दाच्या पहिल्या अर्धांत एक आज्ञा असे, व ती आज्ञा बहुधा पुढचे शब्द वाचण्याची असे. असा एका शब्दानें दुसरा व दुसऱ्यानें तिसरा ओढीत सारा प्रोग्रॅम आंत येई. विहिरींतून जड दोर ओढावयाचा झाल्यास आधीं बारीक सुतळी टाकून तिनें दोर ओढतात, तशांतलीच ही युक्ति होती.

लहान यंत्रांना इतकीहि सोय नसे. १९६५ सालीं निघालेल्या पी. डी. पी. ८ या यंत्राच्या दर्शनी पट्टीवर स्विचांची रांग होती. चालकानें एकेक स्विच वर-खालीं करून आरंभींच्या थोड्या आज्ञा स्वतःच्या बोटांनीं स्मृतींत लिहावयाच्या, आणि मग कागदी फितीवरील मोठा प्रोग्रॅम आंत घ्यावयाचा, असा क्रम असे. घरगुती संगणकांच्या युगाचा आरंभ ज्यापासून मोजतात त्या १९७५ सालच्या आल्टेअर ८८०० या यंत्राचीहि हीच तऱ्हा होती. त्या यंत्राकरितां बेसिक भाषा तयार करणाऱ्यांपैकीं पॉल ॲलन हे ती दाखविण्यासाठीं विमानानें अल्बुकर्कीस निघाले असतां, फीत वाचणारा आरंभींचा प्रोग्रॅमच लिहावयाचा राहिला आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें. तो त्यांनीं विमानांत बसूनच लिहून काढिला. ग्रंथ सिद्ध झाला, पण त्याचें पहिलें पान राहिलें, अशांतला हा प्रकार होता. पुढें हा आरंभींचा तुकडा वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतींत कायमचा कोरून ठेवूं लागले, आणि मनुष्याच्या बोटांस या कामांतून सुटका मिळाली.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. फ्लॉपी डिस्क ही पत्रें, हिशेब वगैरे साठविण्याकरितां निघाली असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः १९७१ सालीं आय. बी. एम.नें जी आठ इंच व्यासाची पहिली फ्लॉपी बाजारांत आणिली, ती फक्त वाचण्याजोगी होती. तिच्यांत सुमारें ८० किलोबाइट मजकूर मावे. आणि तिचें काम एकच होतें, तें म्हणजे कंपनीच्या मोठ्या यंत्रांच्या पोटांत आरंभींच्या सूक्ष्म आज्ञा भरणें. सुधारलेल्या आज्ञा दूरच्या ग्राहकाकडे टपालानें पाठवितां याव्यात, म्हणून ही हलकी चकती योजिली. म्हणजे फ्लॉपीचा जन्मच यंत्रास जागें करण्याच्या कामीं झाला. तिच्यावर मनुष्याचा मजकूर लिहिला जाऊं लागला तो मागाहून.

१९८१ च्या ऑगस्ट महिन्यांत आय. बी. एम.चा 'पर्सनल कॉम्प्युटर' निघाला आणि जागें होण्याच्या रीतीस एक ठरीव रूप आलें. यंत्रांत कोरलेला 'बायोस' नांवाचा प्रोग्रॅम आधीं स्मृति, कळफलक इत्यादि अवयवांची तपासणी करी. नंतर डिस्कवरील अगदीं पहिला तुकडा, म्हणजे ५१२ बाइटांचा पहिला 'सेक्टर', उचलून स्मृतींतील ३१७४४ या क्रमांकाच्या स्थानीं ठेवी, आणि सूत्रें त्याच्या हातीं देऊन आपण बाजूस होई. तो तुकडा पुढील मोठ्या प्रोग्रॅमास आणी. पुढें १९८३ सालापासून हार्ड डिस्क प्रचारांत आली तेव्हां याच ५१२ बाइटांची वांटणी झाली : ४४६ बाइट आज्ञांस, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या कोष्टकास, व शेवटचे दोन बाइट खुणेस. त्या खुणेच्या जागीं ८५ व १७० हे दोन आंकडे असले तरच ती डिस्क जागें करण्यास समर्थ मानावयाची असा संकेत रूढ झाला. ज्या यंत्रांत आज कोट्यवधि आज्ञा चालतात त्यांचें दैव अनेक वर्षें या चिमुकल्या तुकड्यावर अवलंबून होतें.

आतां 'प्रतिमा' म्हणजे काय तें पाहूं. डिस्कवरील सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरविल्या म्हणजे डिस्कची नक्कल झाली, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण तें खरें नाहीं. वर सांगितलेला पहिला सेक्टर ही कोणतीच फाइल नव्हे. तो फाइलींच्या यादींत दिसत नाहीं, आणि म्हणून साध्या नकलेंत येत नाहीं. अशी नक्कल केलेली डिस्क वाचतां येईल, पण तिनें यंत्र उठणार नाहीं. मोडी कागद बालबोधींत उतरवून घेतला तर मजकूर हातीं येतो. परंतु शिक्के, समासांतील खुणा, ओळींची मांडणी हीं मागेंच राहतात. त्याच कागदाचा फोटो घेतला तर सर्व जसेंच्या तसें येतें. डिस्कची प्रतिमा हा असा फोटो होय. पहिल्या बाइटापासून शेवटच्या बाइटापर्यंत, रिकाम्या जागेसुद्धां, सारें क्रमवार वाचून एका फाइलींत लिहून ठेवावयाचें, हीच ती कृति. साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० वर्तुळें, प्रत्येक वर्तुळांत १८ सेक्टर व प्रत्येक सेक्टरांत ५१२ बाइट. यांचा गुणाकार १४,७४,५६० येतो, आणि अशा फ्लॉपीच्या प्रतिमेची फाइल बरोबर तितक्याच बाइटांची भरते.

या कल्पनेचें महत्त्व ध्यानांत यावें म्हणून असें म्हणतां येईल कीं, तिनें डिस्कवरील लेखास डिस्कच्या देहापासून मुक्त केलें. फ्लॉपीवर बुरशी येते, तिचें चुंबकत्व क्षीण होतें. पण तिची प्रतिमा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेतां येते, तारेनें समुद्रापार धाडतां येते, आणि तेथें कोऱ्या फ्लॉपीवर पुन्हां उतरवितां येते. युनिक्स पद्धतींत असें उतरविण्याची 'डीडी' नांवाची आज्ञा १९७० च्या दशकापासून आहे. १९९१ सालीं फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनीं लिनक्स जगापुढें ठेविलें, तेव्हां त्याचा प्रसार प्रथम अशाच प्रतिमांच्या रूपानें झाला. एक फ्लॉपी यंत्र जागें करणारी व दुसरी त्यास मूळ फाइली पुरविणारी, अशी जोडी लोक एकमेकांस देत. ज्यांच्याजवळ डॉस होतें त्यांना 'रॉराइट' नांवाचा लहानसा प्रोग्रॅम लागे, कारण डॉसची साधी 'कॉपी' आज्ञा या कामीं निरुपयोगी होती. कोणत्याहि दुकानाच्या मध्यस्थीवांचून एक संपूर्ण कार्यप्रणाली घरोघर पोंचूं शकते, हा अनुभव जगास येथें आला.

फ्लॉपीची ही सद्दी सीडीनें संपविली. एका सीडींत सुमारें साडेसहाशें मेगाबाइट, म्हणजे चारशेंहून अधिक फ्लॉपींचा मजकूर मावे. तिच्यावर फाइली कशा मांडाव्या याचा नियम आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें १९८८ सालीं ठरविला. त्या मानकाचा क्रमांक ९६६०, आणि संस्थेचें संक्षिप्त नांव 'आयएसओ'. यावरूनच सीडीच्या प्रतिमेच्या फाइलीस 'आयएसओ' हें नांव चिकटलें. या मानकांत एक दूरदृष्टीची तरतूद होती. प्रत्येकी २०४८ बाइटांचे पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, मुद्दाम मोकळे सोडिले होते. सीडीचें वर्णन सोळा क्रमांकाच्या सेक्टरापासून सुरू होई. ही मोकळी जागा वीस वर्षांनीं कशी कामास आली तें पुढें येईल.

परंतु या मानकानें संगणक जागा होत नसे. बायोसला फ्लॉपी व हार्ड डिस्क ठाऊक. सीडी त्यास अपरिचित. म्हणून सीडी हातीं असूनहि आधीं फ्लॉपी घालून यंत्र उठवावें लागे. ही अडचण १९९५ च्या आरंभीं फिनिक्स व आय. बी. एम. या कंपन्यांनीं प्रसिद्ध केलेल्या 'एल टोरिटो' नामक संकेतानें दूर झाली. कॅलिफोर्नियांतील एका उपाहारगृहावरून हें नांव पडलें असें सांगतात. यांतील युक्ति मोठी मौजेची आहे. सीडीच्या सतराव्या सेक्टरांत एक नोंद ठेवावयाची. ती नोंद सीडीवरच दडविलेल्या एका फ्लॉपीच्या प्रतिमेकडे बोट दाखवी. आणि बायोस आपल्याला फ्लॉपीच मिळाली असें समजून कामास लागे. जुनें यंत्र बदलावयाचें नाहीं, तर नव्या वस्तूनें जुन्याचें सोंग घ्यावयाचें, असा हा तोडगा होता. सोंग न घेतां सरळ जागें करण्याचीहि सोय त्याच संकेतांत ठेविली होती, आणि पुढें तीच अधिक प्रचारांत आली.

सीडी जागें करूं लागल्याबरोबर एक नवा प्रकार उदयास आला. डिस्कवर कांहींहि न लिहितां सर्व कार्यप्रणाली सीडीवरूनच चालविणें, याचे प्रयत्न आधींपासून होत होते. परंतु त्यास लोकप्रियता मिळवून दिली ती जर्मनींतील क्लाउस क्नॉपर यांच्या २००० सालच्या 'नॉपिक्स'नें. मजकूर दाबून लहान केल्यामुळें एका सीडींत जवळजवळ दोन गिगाबाइटांचे प्रोग्रॅम बसत. मृतप्राय यंत्रांत ही सीडी घालावी, यंत्र उठवावें, आणि त्याच्या डिस्कवरील कागदपत्रें व छायाचित्रें सोडवून घ्यावीं, हा उपचार तेव्हांपासून घरगुती झाला. आपल्याकडे 'पीसी क्वेस्ट' मासिकानें १९९६ सालींच अंकासोबत लिनक्सची सीडी दिली होती. २००४ सालीं उबुंटु निघालें, आणि त्याच्या चालकांनीं २०११ पर्यंत मागेल त्यास जगभर टपालानें सीडी फुकट पाठविल्या. पुण्यांत मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेंहि २००७ सालीं 'बॉस' नांवाची कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. तींत मराठीसह हिंदुस्थानांतील अनेक भाषांची सोय आहे. यंत्र जागें होतांच आपल्या भाषेंत बोलतें, ही गोष्ट आम्ही क्षुल्लक समजत नाहीं.

इकडे शाळा-कचेऱ्यांत प्रतिमेचा दुसराच उपयोग चालला होता. १९९५ सालीं न्यूझीलंडमध्यें मरे हॅझार्ड यांनीं 'घोस्ट' नांवाचा प्रोग्रॅम केला. एक यंत्र नीट सिद्ध करावयाचें, त्याच्या डिस्कची प्रतिमा घ्यावयाची, आणि ती पन्नास यंत्रांवर उमटवावयाची. दिवसांचें काम तासांत होऊं लागलें. अर्थात् मूळ यंत्राचें नांव व ओळखखूणहि सर्वत्र तीच उमटे, म्हणून ती आधीं पुसावी लागे. याहून पुढची पायरी म्हणजे प्रतिमा कोणत्याहि डिस्कवर न उतरवितां तशीच जागी करणें. १९९९ सालचें व्हीएमवेअर व २००३ सालचें फ्रान्समधील फाब्रिस बेलार्ड यांचें क्यूएमयू यांनीं सामान्य संगणकाच्या पोटांत दुसरा काल्पनिक संगणक उभा केला. त्यास फाइलच डिस्क वाटते. आज 'क्लाउड' म्हणून जें म्हणतात त्यांतील असंख्य यंत्रें अशाच प्रतिमांतून उठतात व काम संपतांच नाहींशीं होतात.

सन २००० च्या सुमारास पेनड्राइव्ह आले, आणि सीडीचेंहि दिवस भरले. येथें त्या सोळा मोकळ्या सेक्टरांची आठवण करावी. सीडी वाचणारें यंत्र त्यांकडे पाहत नाहीं. हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह वाचणारा बायोस मात्र पहिल्याच ५१२ बाइटांकडे पाहतो. मग त्या मोकळ्या जागेंत हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर लिहून ठेविला तर एकच प्रतिमा सीडीवर सीडीप्रमाणें व पेनड्राइव्हवर डिस्कप्रमाणें चालेल! ही सोय २००८ च्या सुमारास 'सिसलिनक्स'च्या कर्त्यांनीं केली, व आज लिनक्सच्या बहुतेक प्रतिमा अशा दुहेरी असतात. पूर्वसूरींनीं सोडलेल्या कोऱ्या पानांवर उत्तरकालीनांनीं नवी प्रस्तावना लिहावी, तसें हें झालें. त्याच काळांत बायोसची जागा 'यूईएफआय' नांवाची व्यवस्था घेऊं लागली. तिच्या मंडळाची स्थापना २००५ सालची. ती पहिल्या सेक्टराकडे न पाहतां एका ठरीव विभागांतील ठरीव नांवाची फाइल शोधते, म्हणून हल्लींच्या प्रतिमांत तीहि ठेवावी लागते.

आज एखाद्या गृहस्थास असा पेनड्राइव्ह तयार करावयाचा झाल्यास रीत सोपी आहे. कार्यप्रणालीच्या मूळ कर्त्यांच्या स्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. ती पेनड्राइव्हवर नुसती चिकटवून उपयोग नाहीं. कां, तें वर सांगितलेंच आहे. विंडोज असल्यास २०११ साली निघालेला 'रूफस', किंवा कोणत्याहि यंत्रावर चालणारा 'एचर' असा प्रोग्रॅम घेऊन ती प्रतिमा उमटवावी. २०२० सालच्या 'व्हेंटॉय'नें तर एकाच पेनड्राइव्हवर अनेक प्रतिमा नुसत्या ठेवून हवी ती जागी करण्याची सोय केली. उमटवितांना पेनड्राइव्हवरील पूर्वीचें सारें पुसलें जातें, आणि 'डीडी' आज्ञेंत डिस्कचें नांव चुकल्यास घरच्या डिस्कचीच पाटी कोरी होते; म्हणून नांव दोनदां वाचावें. नंतर यंत्र बंद करून पेनड्राइव्ह लावावा, सुरू करितांना त्या त्या कंपनीनें नेमिलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. पुष्कळ लिनक्स प्रणाली डिस्कवर न बसवितां अशाच चालवून पाहतां येतात. आवाज, पडदा, वायफाय हीं ठीक चालतात असें पाहून मगच पुढें जावें.

येथपर्यंत सोयीचा इतिहास झाला. आतां भयाचा पाहूं. जो प्रथम जागा होतो तोच पुढील सर्वांचा स्वामी. आरंभींचा प्रोग्रॅम दुष्ट असेल तर नंतर येणारा कोणताहि पहारेकरी त्यास पकडूं शकत नाहीं, कारण पहारेकऱ्यास दार उघडून देणारा तोच. १९८६ सालीं लाहोर येथील दोन बंधूंनीं केलेला 'ब्रेन' हा पर्सनल कॉम्प्युटरवरील पहिल्या विषाणूंपैकीं एक होय; तो फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरांतच ठाण मांडून बसे व मूळचा सेक्टर अन्यत्र हलवी. त्यांत त्या बंधूंच्या दुकानाचा पत्ताहि होता! तीस वर्षांनंतरचें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं लिनक्स मिंटच्या संकेतस्थळांत चोर शिरले, आणि त्यांनीं एका आवृत्तीच्या आयएसओ फाइलीचा दुवा बदलून गुप्त दार ठेवलेली प्रतिमा लोकांच्या हातीं दिली. नांव तेंच, रूप तेंच. आंतील पाठ मात्र भ्रष्ट.

अशा भ्रष्ट पाठापासून वांचण्याचा उपाय पोथ्यांच्या अभ्यासकांस आवडेल असा आहे. संपूर्ण प्रतिमेवर ठरीव गणित करून एक लांबलचक अंक काढितात. एक बिट बदलला तरी तो अंक सर्वस्वी पालटतो. पूर्वी 'एमडी५' ही पद्धत यासाठीं वापरीत. २००४ सालीं चिनी गणिती वांग शियाओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिचें दौर्बल्य दाखविलें, व हल्लीं 'शा-२५६' ही पद्धत प्रमाण मानितात. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. ज्या चोरानें फाइल बदलली तो त्याच पानावरील अंकहि बदलील. म्हणून त्या अंकावर कर्त्यांची गणिती सही असावी, व ती सही ताडून पाहावी. मोहर पाहिल्यावांचून सनद खरी मानूं नये, हा आपल्या जुन्या दप्तरांतला शहाणपणाच येथें पुन्हां कामास येतो.

या सहीचाच पुढचा अवतार म्हणजे 'सिक्युअर बूट'. २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर तो घरोघर आला. ज्या आरंभ-प्रोग्रॅमावर मान्य सही नाहीं त्यास यंत्र उठूंच देत नाहीं, असा त्याचा अर्थ. कल्पना उत्तम, पण मान्य कोणाची सही? बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधींच बसविलेल्या असतात. लिनक्सवाल्यांस आपल्या प्रणालीपुढें 'शिम' नांवाचा छोटा प्रोग्रॅम ठेवून त्यावर त्याच कंपनीची सही घ्यावी लागली. साध्या संगणकांवर मालकास हें कुलूप काढण्याची मुभा राहिली. परंतु त्याच वेळीं निघालेल्या विंडोज आरटीच्या टॅबलेटांवर ती मुभा नव्हती, व मोबाइल फोनांपैकीं पुष्कळांवर ती आजहि नाहीं. १९६५ सालीं स्विच वर-खालीं करणाऱ्या चालकाच्या बोटांत जो अधिकार होता, तो हळूहळू यंत्र करणाऱ्याच्या तिजोरींत जाऊं लागला, हें या इतिहासाचें मर्म आहे. कुलूप नको असें आम्ही म्हणत नाहीं. ब्रेनची व मिंटची कथा वाचलेला मनुष्य तसें म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घराला कुलूप असावें, पण किल्ली घरधन्याजवळ असावी.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीची एक सदोष सुधारणा जगभर पोंचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें उठेनाशीं झालीं. विमानें खोळंबलीं, हिंदुस्थानांतील कांहीं विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. ज्या तारेनें बिघाड आला त्याच तारेनें उपाय धाडतां येईना, कारण यंत्र जागें झाल्यावांचून तें तार ऐकणार कसें? कांहीं यंत्रें पुन्हां पुन्हां सुरू करून सुधारलीं. पण असंख्य यंत्रांपाशीं मनुष्यासच जावें लागलें, आणि मायक्रोसॉफ्टनें दोनच दिवसांत जें साधन दिलें तें बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करण्याचेंच होतें.

दुसरी गोष्ट आपल्या घराजवळची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ चे निर्बंध ज्यांना पुरे करतां येत नाहींत असे कितीतरी धडधाकट संगणक मध्यमवर्गीय घरांतून आहेत. त्यांना भंगारांत काढावें, असा सल्ला सहज दिला जातो. वस्तुतः त्यांपैकीं पुष्कळ एका आयएसओ फाइलीनें मुलांच्या अभ्यासास, पत्रव्यवहारास व वाचनास पुढें अनेक वर्षें चालतील. हा व्यवहार फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि तो करण्यास एका दुपारच्या धीरापलीकडे कांहीं लागत नाहीं. मात्र आधीं आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवावी, हें सांगणें नकोच.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, शाळांतून संगणकाचा जो विषय शिकवितात त्यांत पत्र लिहिणें व चित्र काढणें यांच्याआधीं नसलें तरी बरोबरीनें, यंत्र जागें कसें होतें व बिघडल्यास त्यास कसें उठवावें, हा धडा असावा. प्रतिमा ताडून पाहणें, ती उमटविणें, आणि तिच्यावरून यंत्र सुरू करणें, एवढें प्रत्येक विद्यार्थ्यानें एकदां तरी स्वहस्तें करावें. त्यानें तो कारागीर होणार नाहीं. पण आपल्या घरांतील वस्तूवर आपला अधिकार कोठपर्यंत आहे, आणि तो कोठें संपविला गेला आहे, हें त्यास कळेल. ज्यास आरंभ ठाऊक नाहीं त्यास पुढचें सारें दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानावें लागतें. संगणकाच्या बाबतींत तरी तशी पाळी सुशिक्षित कुटुंबांवर येण्याचें कांहींएक कारण नाहीं.